लॅपटॉपचा पडदा: इंच मोजू नका, उंची मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ४४. काम हिशेबाचं आणि अहवाल लिहिण्याचं, त्यामुळे रोज सहा-सात तास एक्सेल आणि वर्ड. आठवड्यातले तीन दिवस ट्रेनचा प्रवास, अधूनमधून विमान. सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची, फुल एचडी, वजन २.२ किलो. खांदा भरून येतो म्हणून १३ किंवा १४ इंची घ्यावासा वाटतो. पण संध्याकाळपर्यंत डोळे आत्ताच इतके थकतात, की आणखी लहान पडदा झेपेल का, ही भीती आहे. १३, १४ की सरळ १६?"

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. तुम्ही १४ इंची घ्या, पण १६:१० या प्रमाणाचा (रुंदी १६ भाग तर उंची १० भाग), आणि शक्यतो २८८० बाय १८०० पिक्सेलचा, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचा. शिवाय ज्या टेबलावर तुमचे जास्तीत जास्त तास जातात तिथे एक वेगळा मॉनिटर, की-बोर्ड आणि माउस कायमचा मांडून ठेवा. हा दुसरा भाग जमण्यासारखा नसेल, म्हणजे तुमचं कुठेच ठरलेलं टेबल नसेल आणि सगळं काम लॅपटॉपच्याच पडद्यावर होणार असेल, तर माझं उत्तर बदलतं. मग १६ इंची, पण वजनाने दीड किलोच्या आसपासचा. १३ इंची तुमच्या कामासाठी नाही. गेली सतरा वर्षं मी वेगवेगळ्या ऑफिसांसाठी लॅपटॉप निवडते, लावून देते आणि महिनाभराने त्या माणसाच्या शेजारी खुर्ची टाकून तो कसा वापरतोय ते बघते. पुढचं बरंचसं त्या शेजारच्या खुर्चीवरून शिकलेलं आहे.

सुरुवात इंचांपासून करू, कारण पहिली फसगत तिथेच होते. पडद्याचा आकार म्हणून जो आकडा छापलेला असतो तो कर्णाचा, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा. कर्ण तोच ठेवून पडदा लांबट करता येतो किंवा चौकोनाकडे झुकवता येतो, आणि वाचणाऱ्याला या दोन्हींत पुष्कळ फरक जाणवतो. तुमचा १५.६ इंची पडदा १६:९ प्रमाणाचा आहे. त्याची रुंदी साधारण ३४.५ सेंटिमीटर आणि उंची १९.४. आता १६:१० प्रमाणाचा १६ इंची पडदा घ्या. रुंदी तीच, ३४.५. उंची मात्र २१.५ सेंटिमीटर. इंचांत फरक ०.४ चा दिसतो, प्रत्यक्षात उंची दोन सेंटिमीटरने वाढलेली असते. १७.३ इंची १६:९ पडद्याचीही उंची २१.५ च भरते, म्हणजे तो भलामोठा लॅपटॉप उभ्या दिशेने काहीच जास्त देत नाही. १४ इंची १६:१० पडदा ३०.२ बाय १८.८ चा असतो. आणि ३:२ प्रमाणाचा १३.५ इंची पडदा, जो मायक्रोसॉफ्टच्या अनेक सरफेस लॅपटॉपमध्ये आला, तो १९ सेंटिमीटर उंच असतो. तुमच्या १५.६ पेक्षा जेमतेम चार मिलिमीटर कमी!

उंचीवर मी एवढा जोर देते, कारण हिशेबाचं आणि लिखाणाचं काम वरून खाली वाहतं. एक्सेलमध्ये ओळी खाली जातात, वर्डमध्ये पान खाली सरकतं. शिवाय पडद्याच्या वरच्या बाजूला टूलबारची पट्टी आणि फॉर्म्युला बार, खालच्या बाजूला शीटची नावं आणि टास्कबार, ही सगळी मंडळी उंचीतलाच वाटा खातात. पूर्वी रुंद पडद्याचे लॅपटॉप बहुतेक १६:१० चे असत. २००८ च्या सुमारास पॅनेल बनवणाऱ्यांनी टीव्हीचं १६:९ प्रमाण लॅपटॉपलाही लावलं आणि पुढची दहा-बारा वर्षं सगळ्यांनी चपटे पडदे वापरले. २०२० नंतर १६:१० हळूहळू परत आलं. तरीही १६:९ चे लॅपटॉप अजून भरपूर विकले जातात, म्हणून पेटीवरचा इंचांचा आकडा वाचून थांबू नका. रिझोल्यूशन बघा: १९२० बाय १०८० असेल तर तो १६:९, १९२० बाय १२०० असेल तर १६:१०.

आता दुसरी फसगत. मोठा पडदा घेतला की त्यावर जास्त मावतं, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. एका ऑफिसात लेखा विभागातल्या बाईंनी हट्टाने १४ चा १६ इंची करून घेतला होता, कारण त्यांच्या शीटचे शेवटचे दोन स्तंभ नेहमी पडद्याबाहेर राहायचे. नवा लॅपटॉप आला, शीट उघडली, आणि तेच दोन स्तंभ तसेच बाहेर. दोन्ही लॅपटॉप १९२० बाय १२०० चे, दोन्हींवर विंडोजचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते ठरवणारी सेटिंग, १२५ टक्के. पिक्सेल तेवढेच, स्केलिंग तेवढंच, त्यामुळे मजकूरही तेवढाच. प्रत्येक अक्षर फक्त १४ टक्के मोठं झालं होतं. त्यांचे डोळे निवले हे खरं, पण ज्यासाठी लॅपटॉप बदलला ते काही झालं नाही. स्केलिंग १०० टक्क्यांवर आणल्यावर स्तंभ आत आले. १६ इंचावर ते त्यांना वाचता येत होते, १४ वर आले नसते.

म्हणजे पडद्याच्या आकाराने मिळते ती जागा, आणि त्या जागेचं काय करायचं हे स्केलिंग ठरवतं: अक्षरं मोठी हवीत की ओळी जास्त हव्यात. तुमच्याच आकड्यांवर हे करून दाखवते. एक्सेलची नेहमीची ओळ १०० टक्के झूमवर २० पिक्सेल उंच असते. तुमचा सध्याचा पडदा १२५ टक्के स्केलिंगवर असेल, बहुतेक असतोच, तर विंडोजच्या दृष्टीने त्याची उंची ८६४ पिक्सेल (फुल एचडीचे १०८० भागिले १.२५). १४ इंची १९२० बाय १२०० चा पडदा त्याच १२५ टक्क्यांवर ९६० पिक्सेल उंची देतो, म्हणजे आत्तापेक्षा जवळजवळ पाच ओळी जास्त. पण अक्षरं १३ टक्के लहान होतात, आणि तुमच्या थकलेल्या डोळ्यांना ते पहिल्याच दिवशी कळेल. मग तुम्ही १५० टक्के कराल. आता अक्षरं आत्तापेक्षा किंचित मोठी, पण उंची ८०० पिक्सेल, म्हणजे तीन ओळी कमी. मधली पायरी नाही. कस्टम स्केलिंग टाकता येतं, पण काही जुनी सॉफ्टवेअर त्यावर धूसर दिसतात, म्हणून मी ते टाळते.

२८८० बाय १८०० चा आग्रह मी याचसाठी धरला. त्या पडद्यावर २०० टक्के स्केलिंग ठेवलं की उंची ९०० पिक्सेल मिळते, आत्तापेक्षा दीड-दोन ओळी जास्त, आणि अक्षरं फक्त सातेक टक्क्यांनी लहान. शिवाय प्रत्येक अक्षर आत्ताच्या अडीचपट पिक्सेलांनी काढलेलं असल्यामुळे कडा स्वच्छ दिसतात. १६ इंची १९२० बाय १२०० घेतलात तर १२५ टक्क्यांवर अक्षरं हुबेहूब आत्ताएवढीच राहतील आणि पाच ओळी जास्त मिळतील. तोही चांगलाच सौदा आहे. फक्त तो रोज खांद्यावरून न्यावा लागतो.

देवनागरी वाचणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. इंग्रजी अक्षर लहान झालं तरी ओळखू येतं. आपल्या लिपीत मात्र अक्षराच्या वर अनुस्वार, वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. पडदा लहान आणि पिक्सेल विरळ असले की 'रु' आणि 'रू' सारखे दिसू लागतात, 'द्ध' कुठला आणि 'द्घ' कुठला कळत नाही, अनुस्वार शिरोरेघेच्या वर आहे की नुसता ठिपका उमटलाय ते बघायला माणूस पुढे वाकतो. मराठी अहवाल तपासणाऱ्या माणसाला मी १५.६ इंची १३६६ बाय ७६८ चा पडदा कधीही देत नाही, कितीही मोठा दिसला तरी. त्यात इंचाला जेमतेम १०० पिक्सेल असतात. १५.६ फुल एचडीत १४१, १४ इंची १९२० बाय १२०० मध्ये १६२ आणि २८८० बाय १८०० मध्ये २४३. साधारण चांगली नजर ५० सेंटिमीटरवरून इंचाला १७५ पिक्सेलांपर्यंतचा फरक ओळखते. त्याच्या पुढे गेलं की ठिपके वेगळे दिसेनासे होतात.

तुमच्या डोळ्यांकडे येते. वय ४४ म्हणजे चाळिशी लागलेली असणार, किंवा उंबरठ्यावर असणार. तुम्ही १५.६ इंची पडदा ६० सेंटिमीटरवरून बघता असं धरू. तेवढ्याच स्केलिंगवर १४ इंचाची अक्षरं डोळ्याला तेवढीच मोठी दिसायला हवी असतील तर अंतर साधारण ५२ सेंटिमीटर व्हायला लागतं. हे आठ सेंटिमीटर कोणी खुर्ची पुढे ओढून भरून काढत नाही. मान पुढे जाते. चष्म्याच्या भाषेत बोलायचं तर डोळ्याला पाव नंबर जास्त ताण द्यावा लागतो. विशीत पाव नंबर म्हणजे काहीच नसतो, चाळिशीत दिवसभर तो जाणवतो.

एका तरुण सहकाऱ्याला मी त्याच्या परवानगीने बाजूने फोटो काढून दाखवला होता, सकाळी दहाचा एक आणि दुपारी चारचा एक. सकाळी कान खांद्याच्या रेषेत होता. दुपारी कान खांद्याच्या एवढा पुढे, की त्याने दोन वेळा विचारलं, हा मीच का? डोक्याचं वजन पाच किलोच्या आसपास असतं आणि ते पुढे गेलं की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. त्याने तक्रार डोळ्यांची केली होती. मी त्याचं स्केलिंग १२५ वरून १५० केलं, एवढंच. आठवड्याने त्याची मानही बरी होती. तुमचे डोळे संध्याकाळी थकतात याचंही कारण पडद्याच्या आकारापेक्षा अंतर, स्केलिंग, पडद्याचा उजेड किंवा चष्म्याचा जुना नंबर यांत असू शकतं. तपासणीला वर्ष होऊन गेलं असेल तर लॅपटॉप घेण्याआधी डोळे तपासून घ्या. जुन्या नंबराने नवा पडदा पसंत करायला गेलात, तर पसंती चुकणारच.

मानेची मोठी अडचण मात्र कुठल्याही इंचाने सुटत नाही, आणि हे मी प्रत्येकाला सांगते. लॅपटॉपमध्ये पडदा आणि की-बोर्ड बिजागरीने एकत्र जखडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात छातीपर्यंत उचलावे लागतात, हात नीट ठेवले तर मान खाली जाते. १६ इंची लॅपटॉपचा पडदा वरच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर उंच जातो, त्याने झुकणं थोडं कमी होतं, संपत नाही. म्हणूनच दिवसातले सलग तीन-चार तास जिथे बसायचं तिथे वेगळा मॉनिटर. तो नसेल तर निदान स्टँड आणि सुटा की-बोर्ड. यात तुमच्या प्रश्नाची गाठही सुटते: डोळ्यांसाठी मोठा पडदा टेबलावर राहील आणि खांद्यावर फक्त लहान लॅपटॉप जाईल. एकाच यंत्राकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की दोन्हीकडे थोडं थोडं सोसावं लागतं.

मॉनिटरचंही गणित सांगून टाकते. २४ इंची फुल एचडी मॉनिटर १०० टक्के स्केलिंगवर लावला तर अक्षरं तुमच्या आत्ताच्या लॅपटॉपपेक्षा २३ टक्के मोठी दिसतात आणि एक्सेलच्या दहा ओळी जास्त मावतात. २७ इंची, २५६० बाय १४४० चा घेतलात तर अक्षरं आत्ताएवढीच, किंचित मोठी, आणि ओळी अठ्ठावीस जास्त. हिशेबाच्या कामाला मी २७ देते. लॅपटॉप घेताना एवढं पाहा, की त्याचं यूएसबी-सी पोर्ट चार्जिंगही घेतं आणि चित्रही बाहेर देतं. सगळी यूएसबी-सी पोर्टं तसं करत नाहीत, दिसायला सारखीच असली तरी. मॉनिटरनेही यूएसबी-सीवरून ६५ वॉट किंवा जास्त दिले, तर घरी आल्यावर एकच वायर जोडायची: चार्जिंग, पडदा, की-बोर्ड, माउस सगळं सुरू. हे एका वायरीवर आलं की माणसं मॉनिटर खरोखर वापरतात. चार वायरी जोडायला लागल्या, तर आठवडाभरात लॅपटॉप पुन्हा मांडीवर येतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मॉनिटर मागवताना ही अट आधी लिहिते.

वजन. इंच वाढले की वजन वाढतं हे ढोबळमानाने खरं, पण इंचांवरून वजन ओळखायला जाऊ नका. अ‍ॅपलचा १५.३ इंची मॅकबुक एअर १.५१ किलोचा, त्याच कंपनीचा १६ इंची मॅकबुक प्रो २.१ किलोच्या पुढे. एलजीचा 'ग्रॅम' नावाचा १६ इंची लॅपटॉप १.२ किलोच्या आसपास येतो, बऱ्याच १४ इंची लॅपटॉपांपेक्षा हलका. साधारण ऑफिसचे १४ इंची १.२ ते १.५ किलोत मिळतात, १६ इंची १.६ ते २ मध्ये. जोडीला चार्जर मोजा. ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर वायरीसकट अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम. खेळांसाठीच्या किंवा जड ग्राफिक्सच्या लॅपटॉपचा दोनशे वॉटच्या पुढचा चार्जर एकटाच पाऊण किलोपर्यंत जातो, आणि त्याची वीट बॅगेच्या तळाशी पाठीला टोचत राहते. तुमचा २.२ किलोचा लॅपटॉप आणि चार्जर धरून अडीच किलोच्या पुढे जात असणार. १.३ चा १४ इंची आणि लहान चार्जर घेतलात की जवळपास एक किलो उतरेल.

एक किलो म्हणजे खांद्याला किती, हे आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी माझी जुनी पद्धत आहे. तुमच्या नेहमीच्या बॅगेतून लॅपटॉप काढा आणि त्याजागी ज्या वजनाचा लॅपटॉप मनात आहे तेवढ्या वजनाच्या पाण्याच्या बाटल्या भरा. एक लिटर म्हणजे एक किलो. एक दिवस १.३ किलोच्या, एक दिवस १.९ किलोच्या. नेहमीच्या जिन्यांवरून, नेहमीच्या गर्दीतून जा. संध्याकाळी खांदा काय सांगतो ते ऐका. दुकानात दोन मिनिटं हातात धरून कुठलाही लॅपटॉप हलकाच वाटतो.

आकारासाठी पुठ्ठा कापा. १४ इंची १६:१० लॅपटॉपचं अंग सुमारे ३१ बाय २२ सेंटिमीटर असतं, म्हणजे ए-४ कागदापेक्षा दोन्ही बाजूंनी सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर मोठं. १६ इंची साधारण ३५.५ बाय २५. असे दोन पुठ्ठे कापून बॅगेत घालून बघा. तुमची बॅग १५.६ इंची लॅपटॉपसाठीची असेल तर १६ इंची पुठ्ठा रुंदीला बसेल आणि खोलीला अडकेल, कारण वाढ सगळी त्या दिशेला झालेली आहे. चेन वरच्या कोपऱ्यावर घासून बंद होणारी बॅग बघितली की मला लॅपटॉपच्या कडेची काळजी वाटते. पुठ्ठे ट्रेनमध्येही घेऊन जा. समोर टेकवायची फळी असेल तर तिच्यावर ठेवा, नसेल तर मांडीवर, आणि कोपर कुठे जातात ते बघा.

विमानात तर हे फारच लवकर कळतं. साध्या वर्गात दोन आसनांच्या रांगांमधलं अंतर बहुतेक ७१ ते ८१ सेंटिमीटर, आणि आसनाची रुंदी ४३ ते ४६. पुढच्या प्रवाशाने पाठ मागे टाकली की १६ इंची लॅपटॉपचं झाकण पुरतं उघडत नाही, पडदा तुमच्याकडे झुकलेला राहतो आणि तुम्ही हनुवटी छातीला लावून वाचत बसता. त्या वेळी झाकण कोणी जबरदस्तीने मागे ढकलू नये. पुढचं आसन हललं आणि पडद्याची वरची कड त्याच्या खाचेत अडकली, तर पडदा जातो. माझ्या हाताखालून असे दोन लॅपटॉप दुरुस्तीला गेलेले आहेत, दोन्ही मोठे. विमानात १४ इंची सरस, याबद्दल मला शंका नाही.

तुमच्या कामात आकडे आहेत म्हणून नंबरपॅडबद्दल जरा सविस्तर. १५.६ आणि १६ इंची लॅपटॉपमध्ये पुष्कळदा उजवीकडे नंबरपॅड असतो. त्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात आणि त्यांच्याबरोबर टचपॅडही. 'जी' आणि 'एच' या कळांच्या मधली जागा पडद्याच्या मध्यरेषेपासून तीन-चार सेंटिमीटर डावीकडे जाते. हात तिथे, नजर मध्ये. मग माणूस एकतर कंबरेत जरासा वळून बसतो किंवा अख्खा लॅपटॉप उजवीकडे सरकवतो आणि पडद्याकडे तिरकं बघतो. दिवसाला तासभर टाइप करणाऱ्याला याचं काही वाटत नाही. सहा-सात तासांच्या कामात उजव्या खांद्याच्या पाठीमागे ठरावीक जागी दुखू लागतं, आणि लोक त्याचं खापर बॅगेवर फोडतात. तुमचाही खांदा नेमका कुठे दुखतो ते बघा. बॅगेचा पट्टा जिथे बसतो तिथे, की पाठीच्या फऱ्याच्या आतल्या कडेला? दुसरं असेल तर त्यात नंबरपॅडचा वाटा असू शकतो. १४ इंची लॅपटॉपमध्ये सहसा नंबरपॅड नसतो, कळा मधोमध असतात आणि आकाराने पुऱ्या असतात. दोन कळांच्या मध्यांतलं १९ मिलिमीटरचं नेहमीचं अंतर त्यात आरामात बसतं. घरच्या टेबलावर नंबरपॅडवाला मोठा की-बोर्ड ठेवा. प्रवासातही आकडे भरायचे असतील तर सुटा यूएसबी नंबरपॅड मिळतो. तो डाव्या हाताला ठेवण्याची सवय लावून घेतलीत तर उजवा हात माउससाठी मोकळा राहतो. माझ्या ओळखीचे दोन हिशेबनीस असंच काम करतात आणि परत जुन्या पद्धतीकडे गेले नाहीत.

उष्णता आणि बॅटरी यांचं थोडक्यात सांगते. मोठ्या अंगात पंखे मोठे बसतात, त्यामुळे तोच प्रोसेसर १६ इंचात जास्त वेळ पूर्ण वेगाने आणि कमी आवाजात चालतो. व्हिडिओ संपादन किंवा थ्रीडी असेल तर हे निर्णायक ठरतं. एक्सेल-वर्डला नाही. बॅटरी मोठ्या लॅपटॉपात मोठी असते, पण मोठा पडदा वीजही जास्त खातो. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी सोबत नेता येते, म्हणून अगदी मोठ्या लॅपटॉपातही कंपन्या त्या आकड्याच्या आतच थांबतात. आणि २८८० बाय १८०० चा पडदा साध्या पडद्यापेक्षा बॅटरी थोडी लवकर संपवतो. हा तोटा मी जाणून-बुजून तुमच्या पदरात टाकते आहे. तुमच्या डोळ्यांपुढे तो लहान आहे.

१३ इंची कोणाला? ज्यांचं काम मुख्यतः मेल, वाचन, बैठकांमधल्या नोंदी, आणि जे दिवसभर फिरतीवर असतात त्यांना. १७ इंची त्यांना, ज्यांचा लॅपटॉप एका टेबलावरून दुसऱ्या टेबलापर्यंतच जातो.

दुकानात गेलात की एवढं करा. स्वतःची एक शीट आणि एक मराठी अहवाल पेनड्राइव्हवर घेऊन जा. तिथले लॅपटॉप चमकदार चित्रं दाखवत असतात, त्यांवरून काही ठरवू नका. शीट उघडा, डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केलिंग तुमच्या मनाजोगतं करा, खुर्चीवर नीट टेकून बसा आणि हात लांब करून बोटं पडद्याला टेकतात तेवढ्या अंतरावरून दहा मिनिटं वाचा. उभ्याने वाचू नका. उभ्याने सगळेच लॅपटॉप वरून दिसतात. एक लहान पट्टी जवळ ठेवा आणि तुमच्या आत्ताच्या लॅपटॉपवर सुखाने वाचता येणाऱ्या ओळीतल्या 'क' ची उंची घरून मोजून न्या. नव्या पडद्यावर तेवढा 'क' आला की किती ओळी मावतात ते मोजा. पडद्याची उजेडाची क्षमताही विचारा: ३०० निटच्या खालचा पडदा ट्रेनच्या खिडकीशेजारी फिका पडतो आणि डोळे बारीक करून बघायला लागतं. ४०० असेल तर उत्तम. खिडकीचं प्रतिबिंब दाखवणारा चकचकीत पडदा तुम्हाला नको, मॅट घ्या. २८८० बाय १८०० चे बरेच पडदे चकचकीत येतात, तेव्हा हे आवर्जून बघा. मॅट आणि तो रिझोल्यूशन एकत्र मिळत नसेल तर १९२० बाय १२०० चा मॅट, १५० टक्क्यांवर. तीन ओळी कमी मिळतील, त्या घरच्या मॉनिटरवर भरून निघतात.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, ती कळवा: तुमचा चष्मा फक्त जवळचा आहे की प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचं आणि जवळचं दोन्ही बघता येणारा? प्रोग्रेसिव्ह असेल तर जवळचं बघायची जागा काचेच्या खालच्या भागात असते, आणि मॉनिटर नेहमीच्या सल्ल्याप्रमाणे डोळ्यांच्या रेषेत लावला की वाचायला हनुवटी वर उचलावी लागते. मग मॉनिटर टेबलाच्या जितका जवळ खाली नेता येईल तितका नेऊन पाठीमागे किंचित कलता ठेवायचा, आणि खालीवर होणारा स्टँड असलेलाच मॉनिटर घ्यायचा. ते कळलं की टेबलाची आणि खुर्चीची उंची मोजून पाठवा, मांडणी कशी करायची ते नेमकं सांगते.